तंबूतला मुक्काम: एवढा खटाटोप आणि त्यात खराब हवामान, परवडते का?

ओंजळभर

गेल्या वर्षभरात आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले, तीन वेळा तंबूत राहून आलो. पहिल्या खेपेस आकाश निरभ्र होते आणि परत येताना सगळेच पुढच्या मुक्कामाचे बेत करत होते. दुसऱ्या खेपेस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पाऊस पडला आणि सकाळी चारही स्लीपिंग बॅगांची पायाकडची बाजू ओली निघाली. तिसऱ्या खेपेस पाऊस नव्हता, पण मध्यरात्रीनंतर असा वारा सुटला की तंबूचा एक पोल मोडला आणि उरलेली रात्र आम्ही गाडीत बसून काढली.

मला सवय म्हणून मी या तिसऱ्या खेपेच्या श्रमांची नोंद ठेवली. सामान काढणे, तपासणे आणि भरणे यांत चार तास गेले, तंबू उभारून आतली मांडामांड होईपर्यंत दीड तास, दुसऱ्या दिवशी आवरायला दोन तास आणि घरी आल्यावर वाळवणे, पुसणे, घड्या घालून जागच्या जागी ठेवणे यांत दोन दिवसांत मिळून तीन तास. एका रात्रीसाठी साडेदहा तासांचे काम, आणि ती रात्रही झोपेविना.

पुढच्या महिन्यात पुन्हा एका रात्रीसाठी जागा राखून ठेवलेली आहे. ती रद्द करून तंबू कोणाला तरी देऊन टाकावा, असे मनात येते. ज्यांनी अनेक वर्षे हे केले आहे त्यांना विचारायचे आहे की आमचे काही चुकते आहे, की हा प्रकारच मुळात एवढ्या कष्टांच्या लायकीचा नाही? कृपया "निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न होते" अशा धर्तीची उत्तरे नकोत; मन केव्हा प्रसन्न होते आणि केव्हा होत नाही, हेच तर समजून घ्यायचे आहे.

खिडकीपाशी

अकरा वर्षे तंबूत राहिल्यानंतर मी माझा तंबू देऊन टाकला, आणि त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही, म्हणून विरुद्ध बाजू आधीच मांडून ठेवतो.

बाहेर राहण्यातले जे काही चांगले आहे, म्हणजे चालणे, पाण्याकाठी बसणे, संध्याकाळचा उजेड, रात्रीचे आकाश, ते सगळे तंबूच्या बाहेर असते. तंबूच्या आत असते ती फक्त गैरसोय. दिवसभर रानात हिंडून रात्री पक्क्या छपराखाली झोपणारा माणूस यातले काहीही गमावत नाही, मात्र साडेदहा तास वाचवतो. शिवाय हवामान बिघडले तर तो खिडकीतून पाऊस पाहू शकतो, आणि पाऊस पाहण्याची ती सर्वांत चांगली जागा आहे.

लोक परत आल्यावर "मजा आली" असे सांगतात, त्यावर फार विसंबू नये. भिजलेल्या रात्रीची गोष्ट सांगायला छान असते, पण रात्र छान असणे आणि गोष्ट छान असणे या वेगळ्या बाबी आहेत.

हिशेबी

ओंजळभर, आपण नोंद ठेवलीत हे फार बरे केलेत, कारण उत्तराचा निम्मा भाग त्या नोंदीतच आहे.

आपल्या साडेदहा तासांपैकी जवळजवळ काहीही रात्रींच्या संख्येवर अवलंबून नाही. एक रात्र राहा किंवा चार, सामान तेवढेच भरावे लागते, तंबू एकदाच उभा करावा लागतो आणि एकदाच वाळवावा लागतो. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात दर रात्रीमागे साडेदहा तास पडतात, तर तीन रात्रींच्या मुक्कामात साडेतीन. आपण तिन्ही वेळा सगळ्यांत महागडा प्रकार निवडलात. नवखी मंडळी बहुधा हेच करतात, कारण "आधी एक रात्र करून पाहू" हे शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात एका रात्रीत कष्ट पूर्ण वाट्याला येतात आणि मोकळा असा दिवस एकही मिळत नाही. पहिला दिवस उभारण्यात जातो आणि दुसरा मोडण्यात. मधला दिवस, ज्या दिवशी तंबूला हात लावावा लागत नाही, तोच खरा मुक्कामाचा दिवस, आणि तो आपल्या वाट्याला अजून आलेलाच नाही.

हवामानाच्या दृष्टीनेही हेच लागू होते. एका रात्रीचा मुक्काम असेल आणि त्याच रात्री पाऊस आला तर सगळाच मुक्काम पावसात गेला. तीन रात्रींत एक रात्र वाईट गेली तरी दोन उरतात, आणि ओले सामान मधल्या दिवशी उन्हात टाकता येते.

सामान भरण्याचे चार तास मात्र कमी होऊ शकतात. मुक्कामाला लागणाऱ्या वस्तू घरातल्या वस्तूंपासून वेगळ्या काढून एकाच पेटीत कायमच्या ठेवल्या, तर आमचा अनुभव असा की हे काम तासाभरावर येते.

दवबिंदू

दुसऱ्या खेपेबद्दल एक विचारायचे आहे. बॅगा ओल्या झाल्या त्या कशाने? शिवणीतून पाणी ठिबकले होते का, जमिनीकडून आले होते, की तंबूच्या कापडाच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते? आणि रात्री झरोके उघडे होते की बंद?

ओंजळभर

कापडाला आतून थेंब होते आणि स्पर्श केला की हात ओला होत होता. शिवणींतून काही येताना दिसले नाही, तळ कोरडा होता. झरोके अर्थातच बंद ठेवले होते, कारण बाहेर पाऊस होता.

दवबिंदू

मग त्या रात्री आपण पावसाने भिजला नाहीत, स्वतःच्या श्वासाने भिजलात. हे वाचून गंमत वाटेल, पण तंबूबद्दलच्या तक्रारींपैकी पुष्कळशा पावसाच्या नावावर चुकीने मांडल्या जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

झोपलेला माणूस रात्रभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे सुमारे पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. चौघांचे मिळून एक लिटर झाले, मुले लहान असल्यामुळे थोडे कमी धरा. आता चौघांच्या तंबूत साधारण सात घनमीटर हवा मावते. दहा अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकते, म्हणजे पूर्ण तंबूतली हवा साठसत्तर ग्रॅम पाणी सांभाळू शकते. उरलेले आठ-नऊशे ग्रॅम कुठे जाणार? हवा बदलत राहिली तर बाहेर जाते, आणि बदलली नाही तर सगळ्यांत गार पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या कापडाच्या आतल्या अंगावर, थेंब होऊन बसते. आपण पावसाला घाबरून झरोके बंद केलेत आणि बाष्पाचा एकमेव मार्ग बंद झाला.

पायाकडचीच बाजू ओली का झाली, याचेही कारण आहे. बहुतेक तंबूंचे कापड नायलॉनचे असते आणि नायलॉन पाणी पिऊन थोडे ताणले जाते, त्यामुळे संध्याकाळी घट्ट ताणलेले आउटर, म्हणजे तंबूचे बाहेरचे आवरण, रात्री पावसात सैल पडून खाली झुकते. ते आतल्या कापडाला टेकले, किंवा उंच माणसाच्या पायांनी आतले कापड बाहेरच्याला भिडले, की तिथून ओल थेट बॅगेत उतरते. पॉलिस्टर त्या मानाने फारच कमी पाणी शोषते आणि कमी झोल खाते. नायलॉनचा तंबू असेल तर झोपण्याआधी पावसात बाहेर जाऊन एकदा सगळे दोर पुन्हा ताणावे लागतात; हे कंटाळवाणे काम आहे, पण पाच मिनिटांचे आहे.

ही ओल पावसाच्याच रात्री धरते असेही नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तंबूचे कापड आकाशाकडे उष्णता फेकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी दव धरते. अशा रात्री झाडाखाली उभा केलेला तंबू मोकळ्यावरच्या तंबूपेक्षा कोरडा राहतो, कारण पानांचे छत त्याला उघड्या आकाशापासून झाकते. पाण्याच्या अगदी काठाशी किंवा खोलगट भागात तंबू लावला तर त्रास वाढतो, कारण रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली वाहते आणि तिथेच साचते. काठापासून थोडे वर चढले तरी फरक जाणवतो.

तंबूच्या वेष्टनावर १५०० मिमी, ३००० मिमी असे आकडे असतात, त्यांचा अर्थ त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे झिरपत नाही, असा. पडणाऱ्या पावसाचा दाब त्या मानाने थोडा असतो, त्यामुळे छपराला १५०० पुष्कळ होतात. तळाचे गणित वेगळे आहे. १००० मिमी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम दाब. गुडघ्यावर तीस किलो भार आणि टेकलेला भाग साठ चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब ५००० मिमीइतका होतो. छपरासाठी मोठा आकडा शोधत बसणाऱ्यांनी तळाचा आकडा आधी पाहावा. आपला तळ कोरडा राहिला, म्हणजे तंबू चांगला आहे. तो देऊन टाकू नका, त्याचे झरोके उघडा.

खिडकीपाशी

उत्तम माहिती. तरीही नोंद करतो की ज्या निवाऱ्यात कोरडे राहण्यासाठी पावसात बाहेर जाऊन दोर ताणावे लागतात, त्या निवाऱ्याविषयी माझे मत बदललेले नाही.

जुनी ताडपत्री

आता तिसऱ्या खेपेच्या वाऱ्याविषयी बोलतो, कारण पावसापेक्षा वारा हा तंबूचा खरा शत्रू आहे आणि अंदाज पाहताना लोक फक्त ढगाचे चित्र पाहतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे सहा किलो भार टाकतो. ताशी ७२ किलोमीटरला तो दुप्पट न होता चौपट, म्हणजे चोवीस किलो होतो. आपल्या तंबूची वाऱ्याकडची बाजू तीन चौरस मीटर असेल, तर पहिल्या वाऱ्यात एखादे लहान मूल रेलल्यासारखे वाटेल आणि दुसऱ्यात मोठा माणूस अंगावर आदळत राहिल्यासारखे. घुमटाकार तंबूचे पोल हा भार एकट्याने झेलण्यासाठी केलेलेच नसतात. तो भार दोरांनी जमिनीत उतरवायचा असतो. म्हणून माझा प्रश्न असा आहे की त्या रात्री आपण बाजूचे दोर बांधले होते का?

ओंजळभर

लिहायला संकोच वाटतो, पण खरे ते सांगते. दोर पिशवीत होते. रबरबँड लावलेली ती गुंडाळी आम्ही आजवर सोडलेलीच नाही. तंबू दोरांशिवाय उभा राहतो, म्हणून ते जादाचे असावेत असा आमचा समज होता.

जुनी ताडपत्री

संकोच कसला, हा समज इतका सर्वसाधारण आहे की वापरलेले तंबू हाती घेतले तर दोरांची कारखान्यातली गाठ जशीच्या तशी सापडते.

दोर जमिनीशी साधारण ४५ अंशांत यावा, मेख दोराच्या उलट दिशेला थोडी कलती ठोकावी आणि तंबूची अरुंद, उतरती बाजू वाऱ्याकडे ठेवावी. दार वाऱ्याकडे असू नये, कारण दार उघडताच वारा आत शिरून तंबूला खालून उचलतो. भुसभुशीत जमिनीत बारीक सळईच्या मेखा धरत नाहीत, तिथे रुंद पात्याच्या लागतात, आणि खडकाळ जागी मेखेऐवजी दोर मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवावा. उंचवट्याच्या माथ्यावर तंबू लावू नये, मग दृश्य कितीही सुंदर असो. झाडांचा आडोसा घ्यावा, परंतु वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे मान वर करून पाहिल्याशिवाय तिथे पथारी टाकू नये. कोरड्या ओढ्याच्या पात्रातली सपाट वाळू फार मोहात पाडते; वर कुठेतरी पाऊस झाला की पाणी तिथूनच येते.

यावरून एक गोष्ट आठवली. १९११ च्या जुलैमध्ये, अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळी अंधारात, ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले होते. तिथल्या वादळाने त्यांचा तंबू उडवून नेला. तंबू गेला म्हणजे परतीची आशा गेली, हे तिघांनाही ठाऊक होते. वादळ ओसरल्यावर तो तंबू सुमारे अर्ध्या मैलावर, उडताना छत्रीसारखा मिटल्यामुळे जवळजवळ धडधाकट सापडला. परतीच्या वाटेवर बॉवर्सने रात्री तंबूला बांधलेला दोर स्वतःशी जोडून घेतला, म्हणजे तंबू पुन्हा निघालाच तर तो एकटा जाणार नव्हता. त्यांचा तो पिरॅमिडसारखा तंबू इतका भरवशाचा ठरला की त्याच घाटाचे तंबू अंटार्क्टिकातल्या संशोधन मोहिमांत पुढेही वापरले गेले. ज्यांचे आयुष्य कापडावर अवलंबून होते त्यांनी दोराला जादाचा मानले नव्हते, एवढेच सांगायचे आहे.

पहाटवारा

पाऊस आणि वारा यांवर बोलणे झाले, म्हणून मी थंडी आणि झोप यांविषयी लिहिते. "तंबूत झोप येत नाही" असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची झोप हवेने मोडत नाही, जमिनीने मोडते. स्लीपिंग बॅगेचा अंगाखाली आलेला भाग वजनाने चेपला जातो, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि मग तो भाग जवळजवळ कामाचा राहत नाही. खालून ऊब टिकवण्याचे काम मॅटचे असते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ऊब किती टिकते हे दाखवणारा आकडा, लिहिलेली असते. ती मोजण्याची एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची एकसारखी पद्धत २०१८ पासून आली, त्यामुळे आता दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येते. ऊबदार हवेत दोनच्या खालची चालते, गारठा असेल तर चार किंवा त्याहून अधिक बरी. आणि दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते, त्यामुळे नवी महाग मॅट घेण्याआधी घरातली साधी फोमची मॅट खाली टाकून पाहावी.

बॅगेवर दोन तापमाने लिहिलेली असतात, त्यांतले ज्याला कम्फर्ट म्हणतात तेच आपले मानावे. लिमिट म्हणजे अंग आखडून घेतलेला प्रमाण पुरुष जेमतेम रात्र काढील असे तापमान, आणि मुक्कामाला कोणी जेमतेम रात्र काढायला जात नाही. उंचीचाही विचार करावा. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे पायथ्याचा अंदाज पाहून माथ्यावर जाणारा माणूस फसतो.

झोपेबद्दल एक चांगला प्रयोग आहे. २०१३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या केनेथ राइट आणि सहकाऱ्यांनी आठ जणांना उन्हाळ्यात आठवडाभर तंबूत राहायला पाठवले. विजेचा दिवा नाही, मोबाईल नाही, रात्री फक्त शेकोटी. आठवड्याने त्यांच्या शरीरातल्या मेलाटोनिनचे, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाचे, घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकले, म्हणजे रात्र आणि झोप यांची वेळ पुन्हा जुळली. पहिल्या रात्रीची तळमळ पाहून निकाल देऊ नये, असे मला म्हणायचे आहे. हिशेबी यांचा तीन रात्रींचा मुद्दा इथेही लागू पडतो.

खिडकीपाशी

त्या प्रयोगात गुण उजेडाचा होता, कापडाचा नव्हता. दिवसभर उन्हात राहून रात्री दिवे न लावणाऱ्याला पक्क्या छपराखालीही तोच परिणाम मिळायला हवा. शिवाय तो प्रयोग उन्हाळ्यातला होता. दोन अंश तापमानात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात हेच लोक गाढ झोपले असते का, हे त्यातून कळत नाही.

पहाटवारा

पहिला मुद्दा मान्य आहे. परंतु पक्क्या छपराखाली दिवे न लावण्याचा निश्चय आपण किती रात्री पाळला आहे, हे आपण प्रामाणिकपणे सांगावे. तंबूत निश्चय करावा लागत नाही, बटणच नसते.

खिडकीपाशी

एकही रात्र नाही. हा गुण तुमच्याकडे.

मात्र आठवणींबद्दल मी वर जे म्हटले होते त्याला आता आधार देतो. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावले, आणि एकदा तेवढाच वेळ धरून त्यापुढे आणखी ३० सेकंद, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणले. यातले कोणते पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरे निवडले. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा सुसह्य, म्हणून आठवण चांगली. तंबूवाल्यांच्या "मजा आली" या म्हणण्यात हेच असते. रात्रभर कुडकुडून पहाटे ऊन पडले की सगळे क्षम्य होते.

जुनी ताडपत्री

आपण हा प्रयोग तंबूविरुद्ध मांडलात, मी तो तंबू आवरण्याचा नियम म्हणून वापरतो. शेवटची सकाळ वाईट गेली की घरी आल्यावर सगळा मुक्काम वाईट होता असे वाटते, आणि शेवटच्या सकाळी माणसे नेमकी घाईत, भुकेली आणि एकमेकांवर वैतागलेली असतात.

पाऊस चालू असताना आवरायचे असेल तर क्रम पाळावा. आधी आतल्या आत बॅगा, मॅट, कपडे भरून गाडीत न्यावे. मग बाहेरचे आवरण उभे ठेवून त्याच्या आडोशाखाली आतला तंबू सोडवून त्याची कोरडी घडी वेगळ्या पिशवीत घालावी. सर्वांत शेवटी ओले आउटर उतरवून झटकावे आणि दुसऱ्या पिशवीत नुसते कोंबावे. ओल्याची नीट घडी घालत बसू नये. आउटर स्वतंत्र उभे राहत नाही अशा रचनेचा तंबू असेल तर हे जमत नाही, म्हणून तंबू घेताना हे एक विचारावे. मुले त्या वेळी गाडीत बसलेली असावीत आणि त्यांच्या हाती काहीतरी खायला असावे.

घरी आल्यावर मात्र त्याच दिवशी तंबू पसरावा. ओला तंबू पिशवीत राहिला की ऊब मिळताच बुरशी धरते, आणि आतल्या बाजूचा, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू फुटून चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो, मग तो तंबू कामातून गेला. वाळवणे म्हणजे दोन मिनिटांत दोरीवर टाकून विसरणे एवढेच असते. ओंजळभर यांनी धरलेले तीन तास मला जास्त वाटतात.

हिशेबी

अंदाजाविषयी थोडे. दहा दिवसांपुढच्या एखाद्या विशिष्ट रात्री पाऊस पडेल की नाही, हे सांगणाऱ्या चित्राला काहीही अर्थ नसतो. तीन दिवसांवर आले की तेच चित्र बऱ्यापैकी कामाचे होते. "पावसाची शक्यता ४० टक्के" याचा अर्थ दिवसातला चाळीस टक्के वेळ पाऊस पडणार असा नाही, आणि किती मिलिमीटर पडेल हे तर त्यातून मुळीच कळत नाही. आम्ही तीन गोष्टी पाहतो: एकूण मिलिमीटर, झोताच्या वाऱ्याचा वेग आणि रात्रीचे किमान तापमान. सरासरी वाऱ्याचा आकडा पाहू नये. पोल झोताने मोडतो.

निघण्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी हे आकडे पाहून जायचे की नाही ते ठरवतो, आणि कोणत्या आकड्याला जायचे नाही हे त्याच्याही आधी, शांत डोक्याने लिहून ठेवतो. नाहीतर सामान भरून झाले की माणूस प्रत्येक ढगात उघडीप पाहू लागतो. रद्द केलेला मुक्काम हे अपयश आहे असे मानले की मग वाईट हवेत जाणे आलेच.

जुनी ताडपत्री

सहमत, आणि त्यात एक भर. काही हवामान "परवडते का" या प्रश्नाच्या पलीकडचे असते. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, आणि तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही. चकाकी आणि आवाज यांत तीन सेकंद गेले तर वीज किलोमीटरभर दूर आहे. अशा वेळी तंबू सोडून पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याचे छत असलेल्या बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. दुसरे म्हणजे, थंडी कितीही असली तरी शेगडी किंवा निखारे तंबूच्या आत आणू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही.

गाडीत बसून रात्र काढलीत, हे ओंजळभर यांना पराभवासारखे वाटत असावे. त्या रात्रीतला तो सर्वांत योग्य निर्णय होता.

ओंजळभर

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या प्रतिसादांमुळे माझा प्रश्नच बदलला आहे. दुसऱ्या खेपेस आम्ही झरोके बंद करून स्वतःला भिजवले आणि तिसऱ्या खेपेस दोर पिशवीत ठेवून पोल मोडला. हवामान दोन्ही वेळा होते, पण हवामानाने आमचे जेवढे बिघडवले त्याहून अधिक आम्ही बिघडवले. खिडकीपाशी यांचे म्हणणे मात्र मला अजून खोडता आलेले नाही. दिवसभर बाहेर राहून रात्री छपराखाली झोपणे खरोखरच सोपे आहे. धाकट्याला विचारले तर तो म्हणाला की गाडीत झोपलो ती रात्र सगळ्यांत छान होती, त्यामुळे त्याची साक्ष कोणाच्या बाजूने धरावी ते कळत नाही.

एका रात्रीची जागा रद्द केली आणि त्याऐवजी सहा आठवड्यांनंतरच्या तीन रात्री घेतल्या आहेत. झोताचा वारा ताशी ४५ किलोमीटरच्या वर असेल तर जायचे नाही, असे लिहून तो कागद फ्रिजवर लावला आहे. नवा पोल आणला आहे.

आज सकाळी घरासमोरच्या मोकळ्या जागेत तंबू उभा करून सगळे दोर पहिल्यांदाच सोडले, आणि मुलांनी नळीने त्यावर अर्धा तास पाणी मारले. दोन गोष्टी कळल्या. दोर ताणल्यावर आउटर आणि आतले कापड यांत चांगले चार बोटांचे अंतर राहते, जे आजवर कधी दिसलेच नव्हते. आणि मागच्या बाजूला, वरच्या अंगाला, एक झरोका आहे, त्याला आतून आधाराची काडी आहे आणि वर पाऊस आत न येण्यासाठी झापडी आहे. तो आम्ही तंबू घेतल्यापासून वेल्क्रोने बंद होता. दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून नळी मारली तरी आत थेंब आला नाही.

दवबिंदू

तोच झरोका. रात्री तो आणि दाराची वरची झिप, दोन्ही उघडे ठेवा, म्हणजे हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघेल.

खिडकीपाशी

वाचून आनंद झाला. केवळ हिशेबासाठी विचारतो, वाळवायला किती वेळ लागला?

ओंजळभर

सकाळी अकराला दोरीवर टाकला. आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत, आणि चारला पाऊस येऊन गेला.